परराष्ट्रमंत्र्यांना संसदेत प्रश्न विचारताना: खासदारांच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

सध्याच्या तक्त्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाचा प्रश्नांचा वार लोकसभेत शुक्रवार आहे आणि राज्यसभेत गुरुवार. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ला असतो, राज्यसभेत २०१४ पासून दुपारी १२ ला. मंत्री कोणत्या सभागृहाचे सदस्य आहेत याने फरक पडत नाही. एस. जयशंकर राज्यसभेचे सदस्य असले तरी लोकसभेतही तेच उत्तर देतात, कारण संविधानाच्या अनुच्छेद ८८ नुसार मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलता येते. मंत्रालयांचे गट आणि त्यांचे वार बदलू शकतात, म्हणून दर अधिवेशनाच्या सुरुवातीला सचिवालयाचा नवा तक्ता काढून भिंतीवर लावा.

विधानभवनातून दिल्लीत आलेल्यांना तारांकित, अतारांकित, उपप्रश्न, अर्धा तास चर्चा हे शब्द ओळखीचे असतील. परराष्ट्र विषयाची अडचण वेगळी आहे. इथे मंत्रालयाकडे न सांगण्यासाठी वैध कारणे भरपूर असतात: दुसऱ्या देशाशी चालू असलेली बोलणी, सुरक्षा, गोपनीयता. त्यामुळे ‘सरकारची भूमिका काय’ असे विचारले की दोन परिच्छेदांचे सभ्य निवेदन येते आणि हातात काहीच पडत नाही. मंत्रालयाच्या स्वतःच्या कामाबद्दल विचारले, म्हणजे किती अर्ज आले, कोणत्या तारखेला पत्र गेले, कितीजण परत आले, की उत्तर देणे भाग पडते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

माणूस अडकला असेल तर आधी प्रश्न नको

मतदारसंघातून फोन येतो: मुलगा आखातात नोकरीला गेला, मालकाने पासपोर्ट काढून घेतला, किंवा जहाजावरचा खलाशी परदेशी बंदरात अटकेत आहे. नवखा सहायक उत्साहाने प्रश्नाचा मसुदा करायला बसतो. तसे करू नका. प्रश्नाचे उत्तर यायला किमान १६ दिवस लागतात आणि अधिवेशन नसेल तर काही महिने. त्यातून त्या माणसाचे नाव कायमचे सार्वजनिक होते, ते वेगळेच.

आधी घरच्यांकडून पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, व्हिसाची प्रत, कंपनीचे नाव-पत्ता, एजंटाला दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि शेवटच्या संपर्काची तारीख घ्या. परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाने चालवलेल्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मिळवा. तो क्रमांक टाकून त्या देशातल्या दूतावासाला ईमेल करा आणि खासदारांच्या सहीचे पत्र मंत्र्यांच्या कार्यालयात द्या. तिकीट, वकील किंवा पार्थिव आणण्याचा खर्च घरच्यांना झेपणारा नसेल, तर पत्रात भारतीय समुदाय कल्याण निधीचा स्पष्ट उल्लेख करा. हा निधी २००९ पासून दूतावासांकडे आहे, पण तो मागावा लागतो हे बऱ्याच कुटुंबांना माहीत नसते.

अशी चार-पाच प्रकरणे एकाच देशातून किंवा एकाच प्रकारची आली, की मग प्रश्नाची वेळ होते. तेव्हाही नावे नकोत, फक्त प्रकार.

दार बरोबर आहे ना?

परदेशाशी संबंध आला म्हणजे परराष्ट्र मंत्रालय, हा समज पहिल्याच आठवड्यात काढून टाका. पासपोर्ट, दूतावास, प्रत्यार्पण, परदेशी तुरुंगांतले भारतीय, कामगारांचे स्थलांतर आणि त्यासाठीचे ई-मायग्रेट हे पोर्टल, हे परराष्ट्र मंत्रालयाचे. व्यापार करार आणि निर्यात वाणिज्यकडे. परदेशी नागरिकांचे भारतातले वास्तव्य, घुसखोरी, ओसीआय कार्डाचे (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड) नियम आणि परदेशी देणग्या गृहमंत्रालयाकडे. हज अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाकडे. खलाशांच्या भरतीचे परवाने नौवहनकडे, पण तोच खलाशी परदेशात पकडला गेला की परराष्ट्रकडे.

गोव्याचे उदाहरण पाहा. पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथले नागरिकत्व घेतलेल्या गोवेकरांचा प्रश्न एका दारात मावत नाही. भारतीय पासपोर्ट परत करणे किंवा तो रद्द होणे हा भाग परराष्ट्र मंत्रालयाचा. नागरिकत्व कधी संपले आणि ओसीआय कोणाला मिळेल हा भाग गृहमंत्रालयाचा. दोन्ही एकाच प्रश्नात घातले तर प्रश्न दुसऱ्या मंत्रालयाकडे वर्ग होतो, तिथला वार वेगळा असतो आणि आठवडा वाया जातो. दोन प्रश्न करा, दोन मंत्रालयांना पाठवा.

जुनी उत्तरे आधी वाचा

या पायरीवर आळस झाला तर पुढचे सगळे फुकट. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच मिळाले आहे तो नियमाने पुन्हा विचारता येत नाही, आणि सहज उपलब्ध असलेल्या कागदपत्रांतली माहितीही मागता येत नाही. संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय निवडून शोध घ्या, मग परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचा संसदीय प्रश्नोत्तरांचा विभाग चाळा. किमान दोन वर्षे मागे जा.

जुन्या उत्तरांत खरा ऐवज असतो तो तक्त्यांत. फेब्रुवारी २०२५ मध्ये १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. दुसऱ्या दिवशी, ६ फेब्रुवारीला, जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन केले आणि अमेरिकेतून परत पाठवलेल्यांचे २००९ पासूनचे वर्षवार आकडे दिले. त्यात २०१९ चा आकडा २,०४२ होता. एकदा सरकारने स्वतः अशी मालिका सभागृहात मांडली, की ‘त्याच स्वरूपात आजपर्यंतची माहिती द्यावी’ असे मागता येते आणि ‘अशी माहिती ठेवली जात नाही’ हे उत्तर देणे अवघड होते. परदेशी तुरुंगांतल्या भारतीयांचेही तसेच. मार्च २०२५ मध्ये हा आकडा १०,१५२ सांगितला गेला, त्यात कच्चे कैदी धरून. तुमचा प्रश्न त्या उत्तराच्या पुढून सुरू झाला पाहिजे.

तो आकडा अपुरा का असतो हेही समजून घ्या. अनेक देशांत खासगीपणाचे कायदे कडक आहेत. कैद्याने स्वतः संमती दिल्याशिवाय तिथले अधिकारी आपल्या दूतावासाला त्याची माहिती देत नाहीत. मंत्रालय हे उत्तरात लिहिते आणि ते खरे आहे. त्यामुळे ‘आकडा लपवला’ असा सूर लावण्याऐवजी, दूतावासाचे अधिकारी वर्षभरात किती वेळा तुरुंगांत भेटीला गेले ते विचारा. त्या नोंदी आपल्याच दूतावासात असतात.

मसुदा

लोकसभेत प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा आहे. त्यात युक्तिवाद, निष्कर्ष, उपरोध, आरोप चालत नाहीत. मत किंवा काल्पनिक शक्यता विचारता येत नाही. न्यायप्रविष्ट बाब, मंत्रिमंडळातली चर्चा आणि गोपनीय बाबी बाहेर. परराष्ट्र विषयात हमखास आडवा येणारा नियम म्हणजे मित्रदेशाचा अवमानकारक उल्लेख नको. ‘अमुक देशाची दादागिरी’ एवढ्या दोन शब्दांवर चांगला प्रश्न बाद होऊ शकतो. प्रश्नात विधान केले तर त्याच्या खरेपणाची जबाबदारी खासदारांवर असते, म्हणून बातमीवरून प्रश्न करताना कात्रण फाइलला लावा आणि बातमी दुसरीकडून पडताळा.

आता एक मसुदा जवळून पाहू. विषय: म्यानमार, लाओस आणि कंबोडियात संगणकावरच्या नोकरीचे आमिष दाखवून नेलेली आणि सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबलेली मुले. पहिल्या फेरीत बहुधा असे काही लिहिले जाते:

‘आग्नेय आशियात हजारो तरुण गुलामीत असताना सरकार झोपले आहे, हे खरे आहे काय, असल्यास सरकार त्यांना सोडवण्यासाठी काय पावले उचलत आहे?’

पहिला भाग आरोप आहे, तो कापला जाईल. ‘हजारो’ला आधार नाही. उरलेल्या ‘काय पावले’ला सरकार सदैव सजग असल्याचे उत्तर येईल. आता दुसरा मसुदा:

‘(क) १ जानेवारी २०२२ पासून म्यानमार, लाओस व कंबोडियातील सायबर फसवणूक केंद्रांतून भारतात परत आणलेल्या भारतीयांची देशवार व वर्षवार संख्या, (ख) त्यांपैकी महाराष्ट्र व गोव्यातील पत्त्याचे पासपोर्ट असलेल्यांची संख्या, आणि अशी राज्यवार नोंद ठेवली जात नसल्यास त्याची कारणे, (ग) याच काळात अनधिकृत भरती एजंटांवर खटला चालवण्याच्या मंजुरीसाठी राज्यांकडून आलेले प्रस्ताव, मंजूर झालेले व प्रलंबित असलेले, राज्यवार, आणि (घ) सर्वांत जुना प्रलंबित प्रस्ताव कोणत्या तारखेचा आहे?’

(ग) असा का लिहिला ते पाहा. ‘किती एजंटांना शिक्षा झाली’ विचारले तर कायदा-सुव्यवस्था हा राज्यांचा विषय आहे असे उत्तर येते आणि चर्चा तिथेच संपते. पण १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली खटला चालवायला केंद्राची पूर्वमंजुरी लागते. म्हणजे ती फाइल परराष्ट्र मंत्रालयाच्याच टेबलावर असते आणि ‘ती केव्हापासून पडून आहे’ हे सांगणे त्याच मंत्रालयाचे काम. (ख) मधला ‘पत्त्याचे पासपोर्ट’ हा शब्दप्रयोगही मुद्दाम आहे. नुसते ‘महाराष्ट्रातील’ म्हटले तर मूळ गाव, कामाचे गाव की पासपोर्ट कार्यालय, या संदिग्धतेत उत्तर हरवते.

पाकिस्तानच्या तुरुंगात असलेल्या कुलभूषण जाधव यांच्याबद्दल महाराष्ट्रातले खासदार आपुलकीने विचारतात आणि अनेकदा ‘सरकार कोणते प्रयत्न करत आहे’ एवढेच विचारतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ ला निकाल दिला, व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ चा (परदेशात अटकेतल्या माणसाला आपल्या देशाच्या वाणिज्यदूतांना भेटण्याचा हक्क) पाकिस्तानने भंग केल्याचे म्हटले. त्यानंतर २ सप्टेंबर २०१९ ला वाणिज्यदूतांना त्यांची भेट मिळाली. प्रश्न या तारखांना टेकून हवा: त्या दिवसानंतर भारताने विनाअडथळा भेटीची लेखी मागणी किती वेळा आणि कोणकोणत्या तारखांना केली, आणि लेखी प्रतिसाद किती वेळा आला. बोलण्यांचा आशय सांगता येत नाही असे मंत्री म्हणू शकतात. तारखा न सांगण्याचे कारण शोधणे त्यांना जड जाते.

तारांकित की अतारांकित

तारांकिताला सभागृहात तोंडी उत्तर मिळते आणि उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताला लेखी उत्तर येते, उपप्रश्न नाही. लोकसभेच्या दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० पर्यंत अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. तासाभरात तोंडी उत्तरापर्यंत बहुधा पाच-सहाच प्रश्न पोहोचतात. बाकीच्या तारांकितांची उत्तरे लेखी पटलावर येतात.

लांब तक्ता मागायचा असेल तर सरळ अतारांकित करा, नाहीतर सचिवालयच तो तिकडे वळवते. वरचा म्यानमारचा प्रश्न अतारांकितच. ज्याच्या उत्तरावर मंत्र्यांना उभे राहून काही कबूल करावे लागेल असा आटोपशीर विषय तारांकितासाठी ठेवा.

नोटीस आणि दिवसांचा हिशेब

नोटीस, म्हणजे प्रश्नाची लेखी पूर्वसूचना, किमान १५ पूर्ण दिवस आधी लागते. ‘पूर्ण’ म्हणजे नोटिसीचा दिवस आणि उत्तराचा दिवस दोन्ही सोडून. उत्तर शुक्रवारी २४ तारखेला हवे असेल तर ९ ते २३ हे पंधरा दिवस मध्ये मोकळे हवेत, म्हणजे नोटीस बुधवारी ८ तारखेपर्यंत. ‘पंधरा दिवस’ म्हणून ९ ला देणाऱ्याचा प्रश्न त्या शुक्रवारी येत नाही. शेवटच्या दिवसावर कधीच बसू नका.

लोकसभेत एका दिवसासाठी एका सदस्याच्या पाचच नोटिसा चालतात आणि यादीत तारांकित एकच लागतो. क्रम सोडतीने ठरतो. म्हणून ज्या विषयावर अनेक खासदार विचारणार हे दिसते, त्यात एक नोटीस द्या; मतदारसंघातला, दुसरे कोणी विचारणार नाही असा विषय त्यासोबत ठेवा. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र जोडले जातात. आपल्या खासदारांचे नाव तिसरे-चौथे आले तरी उपप्रश्नाची संधी मिळू शकते, तयारी मात्र तेवढीच लागते.

नोटीस पाठवायच्या पोर्टलचे लॉगिन आणि ओटीपी खासदारांचे आहेत. मसुदा तुम्ही करा, वाचून नोटीस पाठवणे त्यांचे काम. कोणी ‘हा प्रश्न टाकून द्या’ म्हणत तयार मसुदा घेऊन आले, तर तो कोणाच्या फायद्याचा आहे हे खासदारांना सांगितल्याशिवाय पुढे नेऊ नका. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात ११ खासदारांची सदस्यत्वे गेली होती.

मंत्रालयात काय चालते

प्रश्न स्वीकारला की तो मंत्रालयाच्या संसद कक्षाकडे आणि तिथून त्या देशाच्या किंवा विषयाच्या विभागाकडे जातो. विभाग दूतावासांकडून माहिती मागवतो, मसुदा करतो, तो वरिष्ठांकडून वर सरकत मंत्र्यांपर्यंत पोहोचतो. तारांकित असेल तर सोबत एक जाडजूड टिपण तयार होते: कोणते उपप्रश्न येऊ शकतात आणि प्रत्येकाला काय सांगायचे. मंत्री सभागृहात जे पान उलटतात ते हे टिपण. त्यात धोरणावरच्या सगळ्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे असतात. रत्नागिरी किंवा नांदेडच्या एका ठोस अडचणीचे उत्तर बहुधा नसते, आणि तिथेच ‘माहिती घेऊन कळवतो’ हे वाक्य मिळते. ते वाक्य मोलाचे आहे, का ते पुढे येते.

सभागृहातली दोन मिनिटे

तारांकिताचे लेखी उत्तर सभागृह बसण्याआधी खासदारांना मिळते. तेवढ्या वेळात तुमचे काम एकच: उत्तर आणि मूळ प्रश्न शेजारी ठेवून कोणत्या भागाला उत्तरच दिलेले नाही ते शोधणे. ‘(क) ते (घ)’ असे एकत्र लिहिलेले दिसले की सावध व्हा. तारखेचा आणि प्रलंबित प्रकरणांचा भाग तिथेच गाळला जातो.

मूळ प्रश्नकर्त्याला साधारण दोन उपप्रश्न मिळतात. ते उत्तरातून निघालेले हवेत. प्रस्तावना नको: ‘मंत्रिमहोदयांनी भाग (ग) मध्ये १२ प्रस्ताव प्रलंबित असल्याचे सांगितले, त्यांतला सर्वांत जुना कोणत्या तारखेचा?’ एवढेच. एका दमात तीन प्रश्न विचारले तर मंत्री त्यांतल्या सोप्याचे उत्तर देतात आणि वेळ संपतो. दुसरा उपप्रश्न आधीच पक्का करू नका. तो पहिल्या उत्तरावर अवलंबून हवा. खासदारांना मराठीत बोलायचे असेल तर दुभाष्यांच्या सोयीसाठी आधी कळवा आणि आकडे-नावे लिहून द्या, कारण भाषांतरात पहिल्यांदा घसरतात ते आकडे.

मंत्र्यांचे निवेदन ही वेगळी गोष्ट आहे, तिची गल्लत होऊ देऊ नका. इराकमधल्या मोसुलमध्ये बेपत्ता झालेले ३९ भारतीय मृत असल्याचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी २० मार्च २०१८ ला राज्यसभेत सांगितले. जाधव यांच्या आई आणि पत्नीच्या इस्लामाबाद भेटीबद्दलही त्या २८ डिसेंबर २०१७ ला दोन्ही सभागृहांत बोलल्या. ही निवेदने होती. लोकसभेत निवेदनानंतर लगेच प्रश्न विचारता येत नाहीत. राज्यसभेत स्पष्टीकरणे मागण्याची प्रथा आहे. निवेदन झाले की त्यातला प्रत्येक आकडा उतरवून ठेवा, पुढच्या नोटिसीचा कच्चा माल तोच.

उत्तर आल्यानंतर

‘सरकार सर्व घडामोडींवर बारकाईने लक्ष ठेवून आहे’ म्हणजे सांगण्यासारखे नाही किंवा सांगायचे नाही. ‘हा विषय संबंधित देशाकडे योग्य स्तरावर मांडला आहे’ म्हणजे मांडला, पण कोणी आणि केव्हा हे पुढच्या वेळी विचारा. ‘माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल’, ‘बाब विचाराधीन आहे’ किंवा ‘मी यात लक्ष घालीन’ ही वाक्ये आश्वासने धरली जाऊ शकतात. दोन्ही सभागृहांत सरकारी आश्वासन समिती आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरे करायचे असते. मुदत सरकारला वाढवून मागावी लागते, म्हणजे विषय मरत नाही.

उत्तरात तथ्याची चूक दिसली तर पुराव्यासह अध्यक्षांना किंवा सभापतींना लिहा. मंत्र्यांना दुरुस्तीचे निवेदन करावे लागते. उत्तर अपुरे असेल आणि विषय सार्वजनिक महत्त्वाचा असेल तर अर्धा तास चर्चेची (त्या उत्तरातून निघालेल्या मुद्द्यावर सभागृहात होणारी छोटी चर्चा) नोटीस द्या, तीन दिवस आधी. माहिती अधिकाराचा मार्ग उघडाच आहे, पण परराष्ट्र संबंधांना बाधा येईल अशी माहिती तिथे नाकारता येते. म्हणून तिथेही संख्या आणि तारखाच मागा.

कार्यालयात एक वही ठेवा. रकाने सहा: प्रश्न क्रमांक, उत्तराची तारीख, कोणत्या भागाला उत्तर नाही, कोणते वाक्य आश्वासन आहे, तीन महिने कधी पुरे होतात, आणि हा प्रश्न कोणाच्या तक्रारीवरून निघाला. शेवटचा रकाना भरायला विसरू नका. उत्तर संसदेत हिंदी आणि इंग्रजीत येते. त्याचा मराठी अनुवाद करून, तुमच्या दोन ओळींच्या खुलाशासह, त्या घरी त्याच आठवड्यात पाठवा. त्यांच्याकडून एखादी नवी तारीख किंवा पावती हाती आली, की पुढच्या नोटिसीचा (क) भाग तिथून सुरू होतो.